निकोटीन काढणारे यंत्र आणि कामगारांचे तीन प्रश्न

(मराठी रेल्वे व डाक कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण. वक्ते रेल्वेच्या रासायनिक प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले संघटनेचे जुने कार्यकर्ते आहेत.)



मागच्या वर्गात व्यसनमुक्तीवर चर्चा झाली. चर्चा संपल्यावर डाक विभागातला एक तरुण सॉर्टिंग असिस्टंट माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, कॉफीतून कॅफीन काढून टाकतात असे मी वाचले आहे. मग तंबाखूतून निकोटीन काढणारे यंत्र का बसवत नाहीत? विष गेले की झाले. तंबाखूही राहील, कारखानाही चालेल आणि आम्हालाही सोडण्याचा त्रास नको." मी त्याला म्हटले, प्रश्न चांगला आहे, पण उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखे नाही. आजचे भाषण हे त्याचे उत्तर आहे.

आधी एक कबुली देतो. मी बावीस वर्षे तंबाखू खाल्ली. प्रयोगशाळेत इंजिनाच्या तेलाचे नमुने तपासायचे आणि रात्रपाळीत दाढेखाली बार धरायचा, असा माझा क्रम होता. रसायनशास्त्र शिकलेला माणूस तळहातावर रोज रसायनशास्त्राचाच एक प्रयोग करीत होता आणि त्याला ते कळत नव्हते. तो प्रयोग कोणता, हे पुढे सांगतो. तेव्हा मी इथे साधू म्हणून उभा नाही. तुमच्यातलाच आहे.

निकोटीन काय आहे?

तंबाखूच्या पानात निकोटीन नावाचा एक क्षारधर्मी पदार्थ असतो. १८२८ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे पोसेल्ट आणि राइमान या दोघांनी तो प्रथम शुद्ध स्वरूपात वेगळा काढला. शुद्ध निकोटीन हा तेलासारखा द्रव आहे. तो कातडीतून अंगात शिरतो आणि जहाल विष आहे. हे वनस्पतीचे स्वतःचे कीटकनाशक आहे. कीड मरावी म्हणून झाड ते तयार करते.

माणसाच्या शरीरात थोड्या प्रमाणात गेले की ते मेंदूला तरतरी देते आणि ती तरतरी उतरली की पुन्हा मागणी करते. व्यसन लागते ते निकोटीनचे. पण कर्करोग होतो तो मुख्यतः निकोटीनमुळे नाही. विडी-सिगारेटच्या धुरातले डांबर आणि त्यातली कर्करोगकारक द्रव्ये, तसेच खाण्याच्या तंबाखूतली नायट्रोसामाइन नावाची द्रव्ये ते काम करतात. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हृदयावर घाला घालतो. थोडक्यात सांगायचे तर निकोटीन माणसाला दाराशी बांधून ठेवते आणि मारणारे दुसरेच असतात. ही विभागणी नीट लक्षात ठेवा. सगळे भाषण तिच्यावर उभे आहे.

आता तळहातावरचा प्रयोग. पानात निकोटीन बरेचसे आम्लांशी बांधलेल्या स्थितीत असते. बांधलेले निकोटीन गालातून लवकर शिरत नाही. आपण त्यात चुना घालून मळतो. चुना अल्कधर्मी आहे. तो निकोटीनला आम्लापासून मोकळे करतो आणि मोकळे निकोटीन गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून झपाट्याने रक्तात जाते. आपल्या आजोबांना रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण चुन्याशिवाय तंबाखू 'लागत नाही' एवढे ठाऊक होते. गंमत अशी की निकोटीन काढून टाकणाऱ्या कारखान्याची पहिली पायरीही हीच आहे. आधी ते मोकळे करायचे.

यंत्राची चाचणी कशी होते?

निकोटीन काढण्याच्या जुन्या पद्धती दोन. एक, तंबाखूला अमोनिया लावून वाफ सोडायची. मोकळे झालेले निकोटीन वाफेबरोबर निघून जाते. दुसरी, एखाद्या द्रावकात तंबाखू धुवायची. दोन्हीत खोट एकच. निकोटीनबरोबर वास, चव, साखर हेही जाते आणि मागे चोथा राहतो. द्रावकाचा अंश पानात राहिला तर ती निराळी आपत्ती.

नवी वाट कॉफीने दाखवली. जर्मनीत म्यूलहाइम येथील माक्स प्लांक संस्थेच्या कोळसा संशोधन केंद्रात कुर्ट झोसेल या शास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात एक गोष्ट हेरली. कार्बन डायऑक्साइड वायू ३१ अंश सेल्सिअसच्या वर आणि सुमारे ७३ वातावरणांच्या वर दाबला की तो धड वायू राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. वायूसारखा तो बारीक छिद्रांत शिरतो आणि द्रवासारखे पदार्थ विरघळवून घेतो. दाब काढला की पुन्हा साधा वायू होऊन उडून जातो. मागे द्रावक राहत नाही. याच रीतीने कॉफीच्या दाण्यांतून कॅफीन काढले जाऊ लागले.

अमेरिकेतील फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने १९८५ साली जनरल फूड्स ही खाद्यपदार्थांची कंपनी विकत घेतली. कॅफीनमुक्त कॉफीचे ज्ञान त्या कंपनीकडे होते. तेच तंत्र तंबाखूला लावून पाहण्याचा मोठा कार्यक्रम फिलिप मॉरिसने हाती घेतला.

अशा यंत्राची चाचणी कशी घेतात ते आपल्या भाषेत सांगतो. जाड पोलादाचे एक उभे पात्र असते. त्यात ओलावा दिलेली तंबाखू जाळीच्या टोपलीत भरतात. झाकण बसवून कार्बन डायऑक्साइड दाबाने सोडतात. हा दाब दोनशे-तीनशे वातावरणांपर्यंत नेतात. रेल्वेच्या बांधवांना अंदाज यावा म्हणून सांगतो. आपल्या एअर ब्रेकच्या ब्रेक पाइपमध्ये दर चौरस सेंटीमीटरला ५ किलो दाब असतो. जुन्या डब्ल्यूपी वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरमध्ये २१० पौंड, म्हणजे सुमारे १५ किलो दाब असे आणि त्या बॉयलरला आपण किती जपत होतो ते जुन्या फायरमनना विचारा. इथे त्याच्या पंधरा-वीस पट दाब आहे.

वायू तंबाखूतून फिरतो आणि मोकळे निकोटीन उचलतो. पुढे दुसऱ्या पात्रात आम्ल लावलेला माल असतो. तिथे निकोटीन आम्लाला चिकटते आणि वायू पुन्हा फिरून तंबाखूकडे येतो. हे चक्र तासन् तास चालते.

चाचणी घेणारा एका वेळी एकच गोष्ट बदलतो. कधी दाब, कधी उष्णता, कधी तंबाखूचा ओलावा, कधी वेळ. ओलावा कमी पडला तर निकोटीन पानातून नीट सुटत नाही. जास्त झाला तर पान लगदा होते. टोपलीत माल सारखा भरला नसेल तर वायू सोपी वाट धरतो, एका बाजूचे निकोटीन जाते आणि दुसऱ्या बाजूचे राहते. म्हणून नमुना वरून, मधून आणि तळातून, तिन्हीकडून घ्यावा लागतो. फक्त वरचा नमुना घेऊन 'यंत्र पास' असा शेरा मारणारा तपासनीस आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेला आहे.

शेवटी येतो ताळा. डाकेच्या बांधवांना हे शिकवायला नको. जितक्या थैल्या आल्या तितक्यांचा हिशेब लागलाच पाहिजे. समजा १०० किलो तंबाखू आहे आणि तिच्यात निकोटीन १.७ टक्के आहे. म्हणजे १ किलो ७०० ग्रॅम निकोटीन. यंत्राने ९७ टक्के काढले तर पानात सुमारे ५० ग्रॅम राहील आणि आम्लाच्या पात्रात सुमारे १ किलो ६५० ग्रॅम सापडले पाहिजे. पात्रात सव्वा किलोच सापडले तर उरलेले कुठे गेले? पाइपात साचले, की गळून हवेत गेले, की झाकण उघडणाऱ्या माणसाच्या हाताला लागले? ताळा जमेपर्यंत चाचणी पुरी होत नाही.

या ताळ्यातूनच तीन प्रश्न निघतात. काय गेले? काय उरले? जे गेले ते कोणाच्या वाट्याला आले?

पहिला प्रश्न : काय गेले?

निकोटीन गेले. यंत्र यशस्वी झाले. १९८९ साली फिलिप मॉरिसने 'नेक्स्ट' नावाची आणि आणखी काही निकोटीनमुक्त सिगारेटी अमेरिकेत चाचणीदाखल विकायला काढल्या. 'नेक्स्ट'च्या धुरात निकोटीन एक दशांश मिलिग्रॅमच्याही खाली होते. कोट्यवधी डॉलर खर्चून उभारलेले तंत्र चालले, पण माल खपला नाही आणि थोड्याच काळात मागे घेतला गेला.

आता पुढे काय झाले ते पाहा. १४ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकन संसदेच्या उपसमितीपुढे सात सिगारेट कंपन्यांचे प्रमुख शपथेवर उभे राहिले आणि निकोटीन व्यसन लावते असे आम्हाला वाटत नाही, असे त्यांनी एकामागून एक सांगितले. त्याच्या आधी तीनच आठवडे, २५ मार्चला, तिथल्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त डेव्हिड केसलर यांनी त्याच समितीपुढे कंपन्यांची पेटंटे मांडली होती. त्यांचा मुद्दा साधा होता. निकोटीन किती ठेवायचे हे ठरवण्याची यंत्रणा ज्यांच्या हाती आहे, त्यांच्या मालात जे निकोटीन आहे ते निसर्गाने ठेवलेले नाही, त्यांनी ठेवले आहे. २००६ साली वॉशिंग्टनच्या संघीय न्यायालयाने दीर्घ खटल्यानंतर निकाल दिला की कंपन्यांनी व्यसन टिकावे म्हणून निकोटीनचे प्रमाण हेतुपुरस्सर सांभाळले आणि लोकांपासून ते लपवले.

कामगार चळवळीला हा धडा नवा नाही. "यंत्रच तसे आहे, आम्ही काय करणार?" हे उत्तर आपण अनेक वाटाघाटींत ऐकतो. ज्या दिवशी चाचणी यशस्वी होते, त्या दिवसापासून ते उत्तर बाद होते. त्यानंतर जे चालू राहते तो निर्णय असतो, आणि निर्णयाचा जाब विचारता येतो.

दुसरा प्रश्न : काय उरले?

'नेक्स्ट'च्या धुरात निकोटीन नव्हते, पण डांबर सुमारे ९ मिलिग्रॅम होते. साध्या सिगारेटीच्या पंगतीत बसेल इतके. पान जळले की डांबर होणार आणि कार्बन मोनॉक्साइड होणार. पात्रात कितीही दाब दिला तरी ते टळत नाही, कारण ते पानात नसतेच, जळण्यात असते. तेव्हा माझ्या तरुण मित्राला पहिले उत्तर हे, की निकोटीन काढलेली सिगारेट निर्विष नसते.

इथे धूर मोजणाऱ्या यंत्राबद्दलही सांगितले पाहिजे. अमेरिकेत १९६७ पासून धूर मोजण्याची एक ठरलेली रीत होती. यंत्राने दर मिनिटाला एक झुरका घ्यायचा, दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा. या मोजणीवर 'लाइट' सिगारेटी कमी डांबराच्या ठरल्या. पण फिल्टरजवळ बारीक छिद्रे होती. यंत्र ती उघडी ठेवी आणि माणसाची बोटे व ओठ ती झाकत. शिवाय निकोटीन कमी पडले की माणूस खोल आणि भराभर झुरके घेतो. यंत्र तसे करीत नाही. कागदावर आकडा कमी आणि फुप्फुसात माल तितकाच. अखेर २००८ साली तिथल्या व्यापार आयोगाने या मोजणीला दिलेली मान्यता काढून घेतली. जे यंत्र माणसासारखे वागत नाही, त्याची चाचणी माणसाला लागू पडत नाही.

मग निकोटीन काढण्याचा काहीच उपयोग नाही का? आहे, पण वेगळा. २०१५ साली अमेरिकेत ८४० धूम्रपान करणाऱ्यांवर सहा आठवड्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना अगदी कमी निकोटीनच्या सिगारेटी दिल्या, ते दिवसाला पंधरा-सोळा सिगारेटींवर आले. नेहमीच्या प्रमाणाची सिगारेट मिळालेले एकवीसवर राहिले. प्रमाण इतके कमी होते की जास्त ओढूनही भूक भागत नव्हती, आणि म्हणून मागणीच हळूहळू ढिली पडली. म्हणजे कमी निकोटीनची सिगारेट हे औषध नव्हे, पण दाराशी बांधलेला दोर सैल करण्याचे एक साधन होऊ शकते. मात्र हे साधन सगळ्यांना लागू असले तरच. बाजूच्या टपरीवर जुना माल मिळत असेल, तर 'नेक्स्ट'चे जे झाले तेच होणार.

म्हणून हा प्रश्न आता कायद्याच्या पातळीवर आला आहे. न्यूझीलंडने २०२२ साली सिगारेटीतील निकोटीन कमालीचे कमी करण्याचा कायदा केला आणि अमलात येण्यापूर्वीच २०२४ मध्ये नव्या सरकारने तो रद्द केला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जानेवारी २०२५ मध्ये प्रस्ताव मांडला की एक ग्रॅम तंबाखूत ०.७० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटीन नसावे. तिथल्या सिगारेटीत सरासरी १७.२ मिलिग्रॅम असते. दरम्यान कमी निकोटीनचे रोपच तयार करण्याची वाटही निघाली आहे. तंत्राची अडचण उरलेली नाही, हे यावरून दिसते. अडते ते इच्छेपाशी.

आपल्याकडचा माल बहुतेक खाण्याचा, मिश्रीचा आणि विडीचा. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. खाण्याच्या तंबाखूत जळण्याचा प्रश्न नाही, पण नायट्रोसामाइन पानातच असतात आणि ती तोंडाच्या कर्करोगाला कारण होतात. बार तासभर एकाच जागी धरणाऱ्याला हे विशेष लागू आहे. तो धरणारा बहुधा आपलाच गँगमन, शंटिंग पोर्टर नाहीतर पोस्टमन असतो, कारण त्याला रात्र जागवायची असते किंवा भूक मारायची असते.

तिसरा प्रश्न : काढलेले निकोटीन कोणाच्या वाट्याला आले?

हा प्रश्न शास्त्रज्ञांच्या लेखांत फार थोडा येतो. तो आपण विचारला पाहिजे, कारण पात्राचे झाकण उघडणारा माणूस आपल्या वर्गाचा आहे.

त्या कारखान्यात दोन धोके एकत्र नांदतात. पहिला दाबाचा आणि वायूचा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड. गळती झाली तर तो खाली, खड्ड्यात, तळघरात साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. खाली उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. आपल्याकडे गटारात उतरणाऱ्या कामगारांचे जसे होते तसेच. दुसरा धोका साठलेल्या निकोटीनचा. पानात ते विरळ होते, पात्रात ते दाट झाले. ते कातडीतून शिरते. मळमळ, उलटी, घेरी, घाम आणि जास्त प्रमाणात श्वास बंद.

हे अमेरिकेचेच दुखणे नाही. आपल्या गुजरातेत तंबाखूच्या शेतात ओली पाने हाताळणाऱ्या मजुरांना डोकेदुखी, उलट्या, चक्कर हा त्रास होतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्याचा अभ्यास केला. मजुरांच्या लघवीत निकोटीन सापडले आणि हातमोजे, बूट घातल्यावर त्याचे प्रमाण घटले. तंबाखू कधी तोंडात न घालणाऱ्याच्याही अंगात निकोटीन होते! निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बाया आणि सोलापूरच्या विडी कामगार भगिनी यांच्या खोकल्याचे मूळही याच भुकटीत आहे.

आपल्या देशात निकोटीन काढण्याची एक जुनी रीत होती. तंबाखूचा टाकाऊ माल घ्यायचा, त्यात चुना घालायचा, रॉकेलने निकोटीन ओढून घ्यायचे आणि गंधकाम्लात धरायचे. त्यातून निकोटीन सल्फेट हे कीटकनाशक तयार होई. चुना तोच, जो आपल्या डबीत आहे. १९९२ साली सरकारने या निकोटीन सल्फेटच्या देशातील वापरावर बंदी घातली. पण निर्यातीसाठी उत्पादन करायला परवानगी ठेवली. याचा अर्थ काय? आपल्या शेतात फवारण्यासाठी जे घातक ठरले, ते आपल्या कामगाराने हाताळून परदेशी पाठवावे हे चालेल. शेतकऱ्याचा विचार झाला, ही चांगली गोष्ट. पण पिंपे भरणाऱ्याचा विचार त्याच कागदावर का झाला नाही?

म्हणजे ताळा मांडला तर असे दिसते, की ओढणाऱ्याच्या पानातून निघालेले विष नाहीसे होत नाही. ते कारखान्यातल्या माणसाच्या हातापाशी, तिथून पिंपात आणि पिंपातून दुसऱ्या कुठल्या मालात जाते.

आपण काय करायचे?

पहिली गोष्ट, यंत्राला विरोध करायचा नाही. विष काढणारे यंत्र वाईट नसते. पण कोणतेही नवे यंत्र आले, मग ते वर्कशॉपमध्ये असो की सॉर्टिंग कार्यालयात, की हे तीन प्रश्न लेखी विचारायचे. चाचणीचा अहवाल मागायचा. नमुना कुठून घेतला, ताळा जमला का आणि चाचणीच्या वेळी प्रत्यक्ष काम करणारा माणूस तिथे होता का, हे पाहायचे. सुरक्षा समितीत आपला प्रतिनिधी केवळ सहीपुरता नसावा.

दुसरी गोष्ट, तंबाखू व विडी कामगारांच्या संघटनांशी नाते ठेवायचे. तंबाखू बंद करा एवढे म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. त्या बायांच्या चुलीचा पर्याय काय, हातमोजे कोण देणार, वखारीत पंखे कोण बसवणार, हे प्रश्न आपलेही आहेत. त्या वखारीतला माल वाहून नेणारे आपणच होतो आणि त्यांच्या मनीऑर्डरी पोचवणारेही आपणच.

तिसरी गोष्ट स्वतःची. माझी तंबाखू कशी सुटली ते सांगतो. निकोटीनमुक्त सिगारेटींवरच्या काही प्रयोगांत असे दिसले आहे की निकोटीन नसतानाही नुसत्या ओढण्याने तलफ काही वेळ शमते. म्हणजे अर्धी ओढ रसायनाची आणि अर्धी हाताची, तोंडाची, सोबत्याची. मला हे वाचून कळले नाही, अनुभवातून कळले. माझ्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला आणि डॉक्टरांनी डबी टेबलावर ठेवायला सांगितली. पहिले दहा दिवस वाईट गेले. डोके दुखे, चिडचिड होई. ते रसायनाचे दिवस. त्यानंतरही रात्री दोन वाजता, चहाच्या वेळी, तळहात आपोआप पुढे येई. मळायला काही नसे. तेव्हा पाळीतल्या एका सहकाऱ्याने माझ्या हातावर भाजलेली बडीशेप ठेवली आणि म्हणाला, "मळ आता हे." तो स्वतः तंबाखू खाणारा होता, पण माझ्यासमोर त्याने डबी काढणे बंद केले. वर्षभराने त्याचीही सुटली. चट्टा वाढला नाही, हे माझे नशीब. सगळ्यांचे असे नसते. माझ्या पाळीतले दोघे जण निवृत्तीपर्यंत पोचले नाहीत.

म्हणून त्या तरुण मित्राला माझे उत्तर असे आहे. बाळा, यंत्र आहे. चालते. ते बसवायचे की नाही हे मालकाच्या आणि सरकारच्या हातात आहे आणि त्यासाठी आपण संघटना म्हणून बोलत राहू. पण ते आले तरी तुझ्या गालातला धोका पुरता जाणार नाही. तोवर तुझ्या पाळीतल्या चार माणसांनी मिळून एक डबी बंद करणे, हे आज रात्रीपासून होण्यासारखे आहे. शाखेच्या कार्यालयात बडीशेपेचा डबा मी ठेवून जात आहे. रिकामा झाला की चिटणीसांनी कळवावे.